‘उत्कृष्ट काम केलं’ याच्या पुढे काय लिहायचं?

“जनरेटर दुरुस्तीचं काम अत्यंत निष्ठेनं आणि उत्कृष्ट रीतीनं सांभाळलं. सहकाऱ्यांसाठी आदर्श ठरला.”

अमेरिकी हवाई दलातल्या एखाद्या तंत्रज्ञाच्या वार्षिक अहवालात ही ओळ आली, तर निवड मंडळावरचा माणूस ती वाचून सरळ पुढच्या अहवालाकडे वळेल. तो तंत्रज्ञ खरोखर निष्ठावान असेलही. पण जनरेटरच्या जागी ट्रक, रेडिओ किंवा रेशन घातलं की हीच ओळ ढिगातल्या कुठल्याही अहवालात चपखल बसते. जी ओळ कोणालाही लागू पडते, तिच्यावरून कोणाचीच निवड करता येत नाही.

अमेरिकी सैन्यात या ओळींना फार मोल आहे. पदोन्नती, पुढची नेमणूक, तिमाही पुरस्कार, छातीवरचं पदक, या सगळ्याचा निर्णय घेणाऱ्यांनी त्या सैनिकाला बहुतेक वेळा पाहिलेलंही नसतं. त्यांच्यासमोर असतो फक्त कागद. अमेरिकेत वाढलेला भाचा किंवा पुतणी तिथल्या सैन्यात असेल, तर अहवालाची तारीख जवळ आली की घरात कसला ताण असतो हे तुम्ही पाहिलं असेल. आणि इथे सरकारी नोकरीत ज्यांनी गोपनीय अहवालातला स्वयंमूल्यमापनाचा रकाना भरला आहे, त्यांना पुढचं बरंचसं ओळखीचं वाटेल.

विशेषणं स्वस्त कशी झाली

अमेरिकी लष्करातला पहिला लेखी मूल्यमापन अहवाल म्हणून १८१३ सालच्या एका पत्राचा दाखला नेहमी दिला जातो. ब्रिगेडियर जनरल लुईस कॅस यांनी २७व्या इन्फन्ट्री रेजिमेंटमधल्या अधिकाऱ्यांबद्दल युद्धखात्याला प्रत्येकी एकेक ओळ लिहून पाठवली. एक ‘भल्या स्वभावाचा माणूस’, दुसरा ‘माणूस चांगला, पण अधिकारी नव्हे’, आणि एकजण तर सगळ्यांच्या तिरस्काराचा धनी असलेला लबाड. यात ना आकडा, ना पुरावा. तरीही हे पत्र उपयोगाचं होतं, कारण लिहिणारा वाईटालाही वाईट म्हणत होता.

पुढे अहवालावर लोकांचं पोट अवलंबून राहू लागलं आणि कोणीच कोणाला वाईट म्हणेना. हवाई दलात १ ते ५ अशी गुणांची पट्टी होती. तिच्यात जवळजवळ सगळ्यांना ५ मिळत. सगळे रकाने उजव्या टोकाला भरलेल्या अशा अहवालाला तिथे ‘फायरवॉल ५’ म्हणत. चार मिळणं म्हणजे शिक्षाच. शेवटी २०१५च्या सुमारास हवाई दलानं मर्यादा घातली. ‘प्रमोट नाऊ’ ही सर्वांत वरची शिफारस पदोन्नतीला पात्र असलेल्यांपैकी फार तर ५ टक्के लोकांनाच देता येईल असं ठरलं. नौदलात ‘अर्ली प्रमोट’ साधारणपणे गटातल्या २० टक्क्यांपुरतंच आहे. भूदलात अधिकाऱ्यांच्या अहवालावर वरिष्ठ मूल्यमापकाला ‘मोस्ट क्वालिफाइड’ हा शेरा निम्म्याहून कमी लोकांना देता येतो, सार्जंट वर्गाच्या अहवालात तर चौथ्या हिश्शाहूनही कमी.

मर्यादा आली की निवड आली, आणि निवड आली की ती कशाच्या आधारे करायची हा प्रश्न आला. ‘उत्कृष्ट’ लिहायला काहीच लागत नाही. ‘११ पैकी ९ जनरेटर सुरू केले’ असं लिहायला आधी ते नऊ दुरुस्त करावे लागतात, आणि कोणीतरी ते मोजलेले असावे लागतात. चांगल्या ओळीचं सगळं शास्त्र या फरकात आहे असं मला वाटतं. बाकी सगळं त्याचा तपशील.

एका ओळीत कोंबलेलं वर्ष

कित्येक वर्षं हवाई दलात हे लेखन ‘बुलेट’च्या रूपात होई. एक बुलेट, एक ओळ. आधी केलेली कृती, मग अर्धविराम, मग परिणाम, मग दोन आडव्या रेघा आणि शेवटी त्याचा मोठा उपयोग. ओळ समासाच्या बाहेर जाता कामा नये, आणि शेवटी रिकामी जागा दिसली तरी ते ढिसाळपणाचं लक्षण! मग शब्दांची छाटणी सुरू व्हायची. मराठीत असा नमुना करायचा तर तो काहीसा असा दिसेल:

“- ५ ज. तुक. नेतृ.; ९ जन. ६ आठ. दुरु.--सराव अबाधित/० उड्डा. रद्द”

म्हणजे: पाच जणांच्या तुकडीचं नेतृत्व; नऊ जनरेटर सहा आठवड्यांत दुरुस्त; सराव अबाधित, एकही उड्डाण रद्द नाही. सुट्टीच्या दिवसांत एसटीत माणसं कोंबावीत तसे शब्द कोंबलेले. ओळ दोन केसांनी लांब झाली की दोन शब्दांमधली जागा अरुंद करणारी खास युनिकोड चिन्हं वापरून ती आत ढकलायची. त्यासाठी सैनिकांनी स्वतः संगणकावरची साधनं तयार केली होती. सार्जंट मंडळी तासन्‌तास ओळ ‘बसवत’ बसत. त्या वेळात अधिकाधिक चांगलं काय होत होतं तर समासाची रेघ. एका विभागातली लघुरूपं दुसऱ्या विभागातल्या माणसाला कळत नसत ते वेगळंच.

२०२२मध्ये हवाई दलानं हे बंद करायचं ठरवलं. आता पूर्ण वाक्यांत लिहायचं. सैनिकांच्या अहवालात चार भाग असतात: मोहिमेचं काम पार पाडणं, माणसांचं नेतृत्व, साधनसंपत्तीचा वापर आणि तुकडीत सुधारणा. प्रत्येक भागाला सुमारे ३५० अक्षरचिन्हांची मर्यादा. वाक्यात दोन गोष्टी हव्यात: या माणसानं काय केलं, आणि त्यातून काय झालं. पुरस्काराच्या शिफारशीसाठीचा ‘फॉर्म १२०६’ही त्याच सुमाराला बुलेटमधून सरळ गद्यात आला. भूदलात मात्र सार्जंट वर्गाच्या अहवालात (२०१६पासूनचे २१६६-९ मालिकेचे फॉर्म) मूल्यमापक अजून बुलेटच लिहितो. भूतकाळी क्रियापदानं सुरुवात, आणि दोन ओळींच्या आत आटपायचं.

साचे बदलले, पण प्रश्न तेच राहिले.

त्या जनरेटरवाल्याकडे परत

आपला तंत्रज्ञ काल्पनिक आहे, पण त्याचं काम खरं असतं. उभ्या विमानाला जमिनीवरून वीज पुरवणाऱ्या जनरेटरांच्या वर्कशॉपमध्ये तो सीनियर एअरमन (सार्जंटच्या खालचा हुद्दा) आहे. समजा, त्याला समोर बसवून चार प्रश्न विचारले.

तू आलास तेव्हा परिस्थिती काय होती? “चाळीस जनरेटर, त्यातले अकरा बंद.” बंद का होते? “सुटे भाग मागवले होते, पण यायला तीन महिने लागणार होते.” मग तू काय केलंस? “भंगारात काढलेल्या यंत्रांमधले काही भाग चांगले होते. ते वापरायची परवानगी काढली. सार्जंटनी चौघं दिले, आम्ही पाच जण लागलो.” आणि झालं काय? “सहा आठवड्यांत नऊ सुरू झाले. पुढच्या महिन्यात मोठा सराव होता, त्यात जनरेटर नाही म्हणून एकही विमान अडलं नाही.”

हे सगळं त्याच्या तोंडूनच आलं. त्याला ते महत्त्वाचं वाटत नव्हतं इतकंच. आता ओळ अशी होते:

“सुट्या भागांना तीन महिने लागणार असताना भंगारातल्या यंत्रांचे चालू भाग वापरण्याची परवानगी मिळवली, पाच जणांच्या तुकडीचं काम पाहून सहा आठवड्यांत ११ पैकी ९ बंद जनरेटर सुरू केले. त्यामुळे पुढच्या महिन्यातल्या सरावात जनरेटरअभावी एकही उड्डाण रद्द झालं नाही.”

स्तुतीचं एकही विशेषण नाही. तरी वाचणाऱ्याला कळतं की हा मुलगा अडचण आली की हात बांधून बसत नाही, नियम धाब्यावर बसवत नाही (परवानगी काढली आहे), आणि चार माणसं त्याच्या हाताखाली काम करू शकतात. ‘कल्पक’, ‘शिस्तप्रिय’, ‘नेतृत्वगुण असलेला’ हे तीन शब्द वाचक स्वतःच मनात लिहितो. आपण लिहिले असते तर त्यानं ते वगळले असते.

सर्वांत जास्त काम करतोय तो ‘तीन महिने लागणार असताना’ हा तुकडा. लोक नेमका तोच गाळतात, कारण त्यात स्वतःची कामगिरी दिसत नाही. पण अडथळा सांगितल्याशिवाय ‘९ सुरू केले’ ही रोजची दुरुस्ती वाटते. जागा कमी पडली तर शेवटचं वाक्य आखडा, हा तुकडा ठेवा.

क्रियापदाबद्दलही थोडं. इंग्रजीत ‘स्पीअरहेडेड’ (भाल्याच्या टोकासारखं आघाडीवर राहून काम केलं) या शब्दानं या अहवालांमध्ये उच्छाद मांडला आहे. भाल्याचं टोक झाल्याशिवाय कोणी झेरॉक्ससुद्धा काढत नाही. ‘परवानगी मिळवली’, ‘वेळापत्रक बनवलं’, ‘दोष शोधला’, ‘शिकवलं’ ही साधी क्रियापदं जास्त सांगतात, कारण ती डोळ्यांसमोर उभी राहतात. आणि मदत केली असेल तर मदत केली असंच लिहावं. मंडळासमोर त्याच कामाचे तीन अहवाल येतात, आणि तिघांनीही ‘नेतृत्व केलं’ असेल, तर तिघांच्याही बाकीच्या ओळी संशयानं वाचल्या जातात.

आकडा कुठे फसवतो

आकडे हवेत हे सगळ्यांना ठाऊक झालं, आणि मग विशेषणांसारखेच आकडेही फुगले. त्यातला सर्वांत पोकळ आकडा म्हणजे मालमत्तेची किंमत. “१ कोटी २० लाख डॉलर्सच्या साहित्याची जबाबदारी सांभाळली.” म्हणजे गोदामाची किल्ली याच्याकडे होती. साहित्य महाग आहे हा विमान बनवणाऱ्या कंपनीचा पराक्रम. यानं काय केलं? मोजणीत काही हरवलेलं सापडलं का, पडून असलेलं साहित्य दुसऱ्या तुकडीला देऊन नवी खरेदी टळली का? तसं काही असेल तर किंमत लिहावी, नाहीतर ती जागा वाया गेली.

टक्केवारीही अशीच. एका प्रशिक्षणाचे तीन झाले की ‘२०० टक्के वाढ’. गणित बरोबर, पण वाचणारा तेवढा भोळा नसतो. लहान संख्या असतील तर सरळ ‘एकावरून तीन’ लिहावं. छेद सांगितला की आकडा बोलतो. ‘९ दुरुस्त केले’ यापेक्षा ‘११ पैकी ९’ बरं, आणि त्याहून बरं म्हणजे ‘आधी याच कामाला किती वेळ लागायचा’ हे. तुलना चार प्रकारांनी करता येते: आधीशी, ठरवून दिलेल्या निकषाशी, शेजारच्या तुकडीशी, किंवा मिळालेल्या मुदतीशी. यातली एक पुरते.

वाचलेल्या पैशांचे दावे तर मी दोनदा वाचतो. ‘४० हजार डॉलर्स वाचवले’ म्हणजे कोणाच्या खात्यात ते उरले? बाहेरच्या कंत्राटदाराचं दरपत्रक आलं होतं आणि ते काम घरातच झालं, तर तो फरक खरा. ‘नवीन घेतलं असतं तर’ या हिशेबात मात्र काहीही वाचवता येतं.

परिणामाची शिडी

कृती आणि तिचा परिणाम यांत जितकं अंतर जास्त, तितका दावा दुबळा. जनरेटर सुरू झाले, ही पहिली पायरी. सरावातली उड्डाणं झाली, दुसरी. त्या सरावामुळे स्क्वाड्रनला मोहिमेसाठी सज्ज असल्याचा दाखला मिळाला, तिसरी. इथपर्यंत कागद दाखवता येतात. त्याच्या वर ‘देशाची हवाई सत्ता अबाधित राखली’ ही पायरी हवेत आहे. जुन्या बुलेटमध्ये शेवटच्या दोन रेघांनंतर असलं काहीतरी हमखास असे, कारण ती जागा भरायचीच असे.

माझा नियम असा: ज्या पायरीवर कोणीतरी फोन उचलून “हो, याच्यामुळेच झालं” असं सांगेल, तिथे थांबावं. जनरेटरवाल्याच्या बाबतीत सरावाचं नियोजन करणारा अधिकारी ते सांगेल. त्याच्या वरचा जनरल सांगणार नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही.

उलट अडचण असते ती ज्यांच्या कामाचं यश म्हणजे काहीच न घडणं, अशांची. फाटकावरचा पहारेकरी, सुरक्षा अधिकारी, दारूगोळ्याच्या कोठाराचा रखवालदार, संगणकजाळ्यावर लक्ष ठेवणारी मुलगी. “वर्षभरात एकही अपघात नाही” हे लिहिलं तर वाचणारा म्हणेल, तुझ्या आधीही नव्हता. अशा वेळी न घडलेल्या गोष्टीकडे बोट दाखवण्याऐवजी तिच्या वाटेवर काय सापडलं ते लिहावं. तपासणीत किती त्रुटी सापडल्या, त्यांतल्या कोणत्या अशा होत्या की ज्यामुळे कोठार बंद करावं लागलं असतं, त्या किती दिवसांत दुरुस्त झाल्या. बाहेरचं तपासणी पथक आलं तेव्हा त्यानं काय नोंदवलं, हे तर सोन्यासारखं. आपली स्तुती परक्यानं कागदावर केलेली असते.

माणसांच्या बाबतीत परिणाम दुसऱ्याच्या आयुष्यात शोधावा लागतो. ‘कनिष्ठांना मार्गदर्शन केलं’ ही ओळ जवळजवळ प्रत्येक सार्जंटच्या अहवालात असते. त्या कनिष्ठांचं पुढे काय झालं? दोघं ठरल्या मुदतीच्या आधी स्वतंत्रपणे काम करायला पात्र ठरले आणि म्हणून रात्रपाळी पुन्हा सुरू करता आली, असं असेल तर ते लिहा. शिकवणाऱ्याची परीक्षा शिकणाऱ्याच्या निकालात दिसते, आणि निकालाला तारीख असते.

राणे यांचं सायटेशन

हा विषय अमेरिकेचा असला, तरी घटना सांगून माणूस कसा उभा करावा याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला नमुना आपल्या जवळचा आहे. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारकडचे, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या दलातले. नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून देण्याचं काम एप्रिल १९४८मध्ये त्यांच्याकडे होतं. त्यासाठी त्यांना परमवीर चक्र मिळालं. त्या सायटेशनचा, म्हणजे पदकासोबतच्या प्रशस्तिपत्राचा, मजकूर जवळजवळ घड्याळ लावून लिहिलेला आहे.

८ एप्रिल, सकाळी अकरा. काम सुरू व्हायच्या आधीच तोफगोळे पडतात. तुकडीतले दोघं ठार, पाच जखमी, त्यांत स्वतः राणे. ते तुकडी पुन्हा उभी करतात. दुपारी साडेचारच्या सुमाराला टेकडी ताब्यात येते, आणि शत्रू अजून पुरता हटलेला नाही हे माहीत असूनही ते पुढे जाऊन रणगाड्यांसाठी वळणरस्ता करू लागतात. रात्री दहापर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते दुपारी तीन. मग पाइनच्या झाडांचा अडथळा, मग तीनशे यार्डांवर पुन्हा तसाच, मग उडवून दिलेली मोरी. संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग, वर मशीनगन. १० एप्रिलला पहाटे पावणेपाचला पुन्हा त्याच अडथळ्यावर, साडेसहाला तो मोकळा. साडेदहापर्यंत पुढची हजार यार्ड. दुपारी दोनला रणगाडे वाटेवरच्या चिंगसला पोचतात. राणे मात्र रसद येणाऱ्या गाड्यांसाठी रस्ता करत रात्री नऊपर्यंत राबतात, अन्नाशिवाय, विश्रांतीशिवाय.

या मजकुरात ‘अतिमानवी प्रयत्न’, ‘आदर्श नेतृत्व’ असे शब्दही आहेत. ते काढून पाहा. काहीही कमी होत नाही. पण ‘पहाटे पावणेपाच’ काढलं तर सगळं ढासळतं. अडथळा काय होता, किती वाजता हात लावला, किती वाजता सुटला, आणि त्यामुळे कोण पुढे गेलं. जनरेटरच्या ओळीत आपण जे केलं तेच इथे आहे, फक्त इथे प्राण पणाला लागले होते. शिवाय ‘शत्रू पुरता हटलेला नाही हे माहीत असूनही’ हा तुकडा पाहा. शौर्याच्या शिफारशीत तोच निर्णायक. धोका होता एवढं पुरत नाही, धोका ठाऊक होता हे दिसलं पाहिजे.

अर्थात शौर्याची शिफारस हा वेगळा प्रांत आहे. तिथे प्रत्यक्षदर्शींचे जबाब लागतात, नकाशे लागतात. शांततेच्या काळातल्या बहुतेक पदकांमागे दोनच प्रकार असतात: एखादी ठळक कामगिरी, किंवा एका नेमणुकीतली सलग चांगली सेवा. हे दोन मिसळले की शिफारस विस्कटते. बदलीच्या वेळच्या पदकासाठी तीन वर्षांतलं थोडं थोडं यायला हवं. एका वादळानंतरच्या मदतकार्यासाठीच्या पदकात मागच्या वर्षीच्या तपासणीचं काही काम नाही.

भूदलाच्या पदक-शिफारशीच्या ‘फॉर्म ६३८’वर कामगिरीसाठी चार चौकटी असतात. त्या भरल्याच पाहिजेत म्हणून पहिल्या दोन दमदार आणि उरलेल्या दोन भरताड, असं सर्रास दिसतं. वाचणाऱ्या कर्नलच्या लक्षात राहते ती शेवटची. दोनच मोठ्या गोष्टी असतील तर त्यांचे नीट भाग पाडून चार कराव्यात. सगळ्यात जोरदार गोष्ट पहिली ठेवावी हे वेगळं सांगायला नको.

स्पर्धेच्या पुरस्कारांची तऱ्हा आणखी निराळी. हवाई दलात १९५६पासून दरवर्षी सैनिक वर्गातल्या बारा जणांची ‘आउटस्टँडिंग एअरमेन ऑफ द इयर’ म्हणून निवड होते, आणि तिथवर जायची वाट तळावरच्या तिमाही पुरस्कारांतून जाते. परंपरेनं मुद्दे तीन: मुख्य कामातलं नेतृत्व आणि कामगिरी, स्वतःची प्रगती, आणि तळ किंवा समाजासाठी केलेलं काम. तिसरा मुद्दा लोक शेवटच्या आठवड्यात एखाद्या स्वयंसेवी उपक्रमाला जाऊन भरतात. ते दिसतं. रक्तदान शिबिरात उभं राहिलेल्या वीस जणांपेक्षा ते शिबिर भरवणारा एकजण मंडळाला जास्त लक्षात राहतो.

लिहितं कोण?

नियमानं वरिष्ठ. व्यवहारात बहुतेक ठिकाणी सैनिकच आपल्या कामाची यादी, पुष्कळदा अख्खा मसुदा, वरिष्ठाला देतो आणि तो त्यावर हात फिरवतो. यात लाजण्यासारखं काही नाही. मराठी घरात वाढलेल्या मुलांना इथे अडायला होतं असं मला दिसतं. आपली फुशारकी आपण मारू नये हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. त्यावर माझा तोडगा असा: स्तुती वरिष्ठाकडे सोपवा, तुम्ही फक्त घटना द्या. ‘११ पैकी ९’ ही फुशारकी नाही, नोंद आहे.

ती नोंद त्याच वेळी करावी लागते. मार्चमध्ये बसून आदल्या मे महिन्यातलं आठवायला गेलं तर उरतं ते ‘खूप काम केलं’. फोनवर एक साधी फाइल ठेवावी. महिन्यातून एकदा त्यात तारीख, काय अडलं होतं, काय केलं, आकडा, आणि तो आकडा कुठून घेतला हे लिहावं. शेवटचा भाग सगळे विसरतात. वर्षानं कोणी विचारलं की ‘नऊ कुठून आले?’, तर उत्तर हवं. कोणाचा आभाराचा ईमेल आला तर तोही तिथेच टाकावा.

आकडा माहीत नसेल तर अंदाजानं फुगवू नये, यामागे नीतीइतकंच कायद्याचंही कारण आहे. अमेरिकी लष्करी कायद्याच्या कलम १०७खाली जाणूनबुजून खोटं अधिकृत निवेदन करणं हा गुन्हा आहे, आणि सही केलेला अहवाल हा अधिकृत कागद आहे. गुप्त माहितीही या साध्या फॉर्मवर येता कामा नये. काम गुप्त असेल तर किती जणांना शिकवलं, किती वेळ वाचला असं कडेकडेनं लिहितात.

सैनिकाच्या हातात नसलेली एक गोष्ट राहिली. वरिष्ठ अधिकारी शेवटी क्रमांक देतो: “माझ्या १४ जणांत पहिला.” मंडळाची नजर आधी तिथे जाते. तसा क्रमांक नसेल आणि नुसतंच “उत्तम सार्जंटांपैकी एक” असेल, तर मुरलेला वाचक समजून जातो. अधिकाऱ्यांच्या अहवालात पुढच्या पदाची किंवा प्रशिक्षणाची शिफारस नसणं हेही वाचलं जातं. तेव्हा वरिष्ठाला क्रमांक मागायचा नसतो, पण तो द्यावासा वाटेल इतकं साहित्य त्याच्या टेबलावर वेळेत पोचवता येतं.

वेळेत म्हणजे कधी? हवाई दलात अहवालाची तारीख हुद्द्यानुसार ठरलेली असते. सीनियर एअरमनची ३१ मार्च, स्टाफ सार्जंटची ३१ जानेवारी, टेक्निकल सार्जंटची ३० नोव्हेंबर. एका हुद्द्यावरच्या सगळ्यांचे अहवाल एकाच दिवशी बंद होतात, म्हणजे वरिष्ठाकडेही सगळ्यांचे मसुदे एकदमच येऊन पडतात. आपल्या जनरेटरवाल्यानं फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत यादी दिली, तर सार्जंट त्याला बोलावून विचारू शकतो की ती परवानगी नक्की कोणी दिली, सराव किती दिवसांचा होता, उरलेल्या दोन जनरेटरांचं काय झालं. २८ मार्चला दिली, तर ‘अत्यंत निष्ठेनं आणि उत्कृष्ट रीतीनं’ लिहून सही होते.